जनावराला अँटिबायोटिक देण्याआधी: आपल्या भागातल्या व्हेट मित्रांसाठी

बेळगाव जिल्ह्यात खानापूर, निपाणी, चिकोडीकडं प्रॅक्टिस करणाऱ्यांना माहितीच आहे, मालक फोनवरच म्हणतो "डॉक्टर, ताकदीचं इंजेक्शन घेऊन या", पण आधी ताप बघा, कास दाबून बघा, मगच बाटली उघडा. पावसाळ्यात तिवा (तीन दिवसांचा ताप) आला, म्हैस लंगडायला लागली, तर तो व्हायरस आहे, अँटिबायोटिकनं तो जात नाही, ताप-दुखीचं औषध आणि आराम द्या, हे मालकाला गोठ्यातच सांगा. लंपीचंही तेच, जखमेत पू झाला तरच विचार करा.

दगडीत (कासेच्या सुजेत) मात्र घाई नको. चारी सडांची सीएमटी (दुधात द्रावण मिसळून करायची कासदाहाची चाचणी) करा, दूध जेलीसारखं घट्ट झालं तर त्या सडाचं सॅम्पल इंजेक्शनच्या आधीच घ्या, सड स्पिरिटनं पुसून, पहिल्या धारा सोडून, निर्जंतुक बाटलीत. नंतर घेतलं तर लॅबला जंतू सापडणं अवघड होतं. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक तर दुभत्या जनावरांना, कोंबड्यांना नकोच, 2019 पासून भारतात बंदी आहे.

आणि दुधाचं सांगायला विसरू नका! लेबलवर मुदत नसेल तर शेवटच्या डोसनंतर किमान 7 दिवस दूध डेअरीला घालू नये, मांसाला 28 दिवस. "उकळलं की जातंय की" असं मालक म्हणतील, पण उकळून औषध जातंच असं नाही, अशा दुधाला विरजणसुद्धा नीट लागत नाही. कार्डावर औषध, डोस, दूध चालू करायची तारीख मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहा, कारण धार काढणारा कुठली भाषा वाचतो ते आपल्याला काय माहीत.