तक्रारीतून विनंतीपर्यंत: जोडप्यांसोबत काम सुरू करणाऱ्या समुपदेशकांसाठी

दोघांना एकत्र बसवण्याआधी प्रत्येकाशी वेगळं बोला. मारहाण, धमक्या, पैशांची कोंडी यांबद्दल जोडीदारासमोर सहसा कुणी बोलत नाही. तसं काही असेल तर एकत्र सत्र नको. तिथे मोकळेपणाने बोललेलं घरी गेल्यावर अंगावर येतं. आधी सुरक्षिततेचं बघा, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातल्या संरक्षण अधिकाऱ्याबद्दल, म्हणजे पीडित स्त्रीला मदत करण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याबद्दल, सांगा.

बाकीच्या बहुतेक जोडप्यांची सुरुवात "याचं माझ्याकडे लक्षच नसतं" अशा वाक्याने होते. अहिंसक संवादाची पद्धत मांडणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शल रोझेनबर्ग यांची चार पायऱ्यांची मांडणी इथे उपयोगी पडते: घडलं काय, वाटलं काय, हवंय काय, विनंती काय. "काल जेवताना तू फोनवर होतास. मला एकटं वाटलं. दिवसात थोडा वेळ आपल्या दोघांचा असावा. जेवणानंतर पंधरा मिनिटं फोन बाजूला ठेवशील?" गाडी अडते ती दुसऱ्या पायरीवर. "मला वाटतं तू मुद्दाम करतोस" हा आरोपच आहे. "तेव्हा मनात काय झालं? राग, भीती, वाईट वाटलं?" असं विचारत राहा. "मान द्यावा" ही विनंतीही अपुरी. मान दिला हे कशावरून कळेल, ते वदवून घ्या.

बोलणाऱ्याने दोन-तीन वाक्यांवर थांबायचं. ऐकणाऱ्याने ती आपल्या शब्दांत सांगून "बरोबर समजलं का?" एवढंच विचारायचं. "पण" आला की तिथेच थांबवा, नाहीतर समजून घेण्याऐवजी बचाव सुरू होतो. आवाज चढला, चेहरा लाल झाला, किंवा एकजण अगदी गप्प झाला, तर किमान 20 मिनिटांची सुट्टी द्या. जोडप्यांचा अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या मते नाडी मिनिटाला 100 च्या वर गेली की ऐकलेलं डोक्यात शिरत नाही. सुट्टीत पुढच्या उत्तराची जुळवाजुळव नको, नाहीतर नाडी उतरत नाही.

एकत्र कुटुंबात खरी कसोटी लागते. मुलगा बायको आणि आईमधला निरोप्या होतो आणि "तिला हे आवडत नाही" म्हणत सगळा दोष बायकोवर ढकलतो. आधी नवरा-बायकोचं एकमत करा, मग मुलाने आईला स्वतः सांगावं: "आई, आम्ही दोघांनी असं ठरवलंय." सासूबाईंची गरजही विचारा, "मला विचारत नाहीत" यामागे अनेकदा घरातली जागा जाण्याची भीती असते. दोन सत्रांच्या मधल्या दिवसांत "तिला सांगू नका, पण..." असे फोन येतील. तुम्हीही त्या मुलासारखे दोघांमधले निरोपे बनून त्रिकोणात ओढले जाता, म्हणून अशा फोनचा नियम पहिल्याच सत्रात ठरवा.

गृहपाठ म्हणून आठवड्याला प्रत्येकी एकच विनंती, लिहून. त्या विनंतीला "नाही" म्हणायची मुभा हवी. नाही म्हटल्यावर भांडण झालं, तर ती विनंती नव्हतीच, हुकूम होता. पुढचं सत्र त्या कागदापासून सुरू करा.