जॅझ आणि क्लासिक रॉकचा संग्रह कसा करावा: खोक्याआधी टेप बघा

जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ हा अल्बम १९५९ साली निघाला आणि पुढची तीसेक वर्षं लोक त्याची पहिली बाजू किंचित चढ्या पट्टीत ऐकत राहिले. २ मार्चच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी मुख्य टेप मशीन जरा सावकाश फिरत होतं. ती टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की सगळं संगीत थोडं जलद आणि थोडं वर जायचं. त्याच वेळी दुसऱ्या मशीनवर राखीव म्हणून घेतलेली टेप मात्र ठीक होती; १९९०च्या दशकात ती वापरून सूर जागेवर आणला गेला. तोवर रेकॉर्डसोबत वाजवू पाहणाऱ्या कित्येकांना आपलंच वाद्य उतरलंय असं वाटलं असणार.

कव्हर तेच, वादक तेच, पट्टी वेगळी. म्हणून संग्रह करणाऱ्याने पहिला प्रश्न विचारायचा तो हा: ही तबकडी कोणत्या टेपवरून, कोणी आणि केव्हा तयार केली? बॉक्स सेटच्या (एका खोक्यात विकल्या जाणाऱ्या अनेक तबकड्यांच्या संचाच्या) खोक्याचा जाड पुठ्ठा, सोनेरी अक्षरं आणि क्रमांक घातलेलं प्रमाणपत्र यांची पाळी त्यानंतर येते.

१. जॅझ तारखेने लावा, रॉक अल्बमने

सगळंच गोळा करायला निघालात तर काहीच धड जमणार नाही. एखादा वादक, एखादं लेबल किंवा पाच-सात वर्षांचा काळ धरा. त्याआधी एक फरक समजून घ्या.

जॅझमध्ये खरा घटक म्हणजे सेशन: अमुक तारखेला, अमुक स्टुडिओत, अमुक वादक जमले आणि वाजवून गेले. त्या एका दिवसाचं संगीत कंपनी पुढे कितीही अल्बमांत वाटून टाकते. माइल्स डेव्हिसच्या पंचकाने ११ मे आणि २६ ऑक्टोबर १९५६ या दोन दिवसांत प्रेस्टिज लेबलसाठी एवढं वाजवून ठेवलं, की त्यातून चार अल्बम निघाले आणि ते १९५७ ते १९६१ असे रेंगाळत बाजारात आले. चौघांची कव्हरं पाहून ही चार वेगळी कामं वाटतात. तारखा पाहिल्या की चित्र स्वच्छ होतं. म्हणून वहीत (किंवा संगणकावरच्या तक्त्यात) जॅझची नोंद करताना तारीख, स्टुडिओ आणि वादकांची नावं हवीतच. हे न केलेल्या माणसाकडे एकच सेशन तीन वेगवेगळ्या नावांनी सापडतं.

रॉकमध्ये घटक म्हणजे अल्बम, आणि त्याहून नेमकं सांगायचं तर त्याचं मिक्स, म्हणजे सुटे आवाज एकत्र मिसळून केलेलं मिश्रण. बीटल्सच्या १९६७ पर्यंतच्या अल्बमांचं मोनो (एकाच वाहिनीतलं) मिक्स काळजीपूर्वक, बहुधा त्यांच्या समोर व्हायचं; स्टिरिओ (डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांतलं) मिक्स नंतर घाईत उरकलं जायचं. ‘सार्जंट पेपर’मधलं ‘शीज लीव्हिंग होम’ मोनोत जलद आणि वरच्या पट्टीत आहे, स्टिरिओत संथ. दोन्ही अधिकृत आहेत. त्यामुळे या काळातल्या रॉकसाठी नोंदीत मोनो की स्टिरिओ हा रकाना आधी आखा.

२. तीन शब्दांची गल्लत करू नका

रीइश्यू म्हणजे नुसतं पुन्हा बाजारात आणणं. रीमास्टर म्हणजे तयार मिक्सची टेप घेऊन तिचा समतोल, पातळी, गोंगाट यांवर पुन्हा काम करणं. रीमिक्स म्हणजे गायन, गिटार, ड्रम यांचे सुटे ट्रॅक घेऊन मिश्रण नव्याने करणं. बीटल्सचे २००९ मधले संच रीमास्टर होते. २०१७ पासून जाइल्स मार्टिन यांनी केलेले रीमिक्स आहेत. नवं मिक्स वाईट असतं असं नाही, पण ते १९६७ चं नव्हे. माझं मत विचाराल तर मूळ मिक्स घरात असल्याशिवाय रीमिक्सच्या नादी लागू नये.

रीमास्टरमध्येही एक खोच आहे. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून अनेक सीडी जोरात वाजाव्यात म्हणून इतक्या दाबल्या गेल्या, की हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतरच उरलं नाही. जुनी, पातळ आवाजाची वाटणारी १९८०च्या दशकातली सीडी आवाज वाढवून ऐका. पुष्कळदा तीच जास्त मोकळी लागते.

वेष्टणावरच्या स्टिकरवर डोळे मिटून विश्वास टाकू नका. जुन्या अल्बमांच्या महागड्या आवृत्त्या काढणाऱ्या मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या तबकड्या पूर्ण अॅनालॉग (कुठेही डिजिटल रूपांतर न केलेल्या) आहेत असं शौकीन समजत होते. त्यांतल्या अनेकींच्या निर्मितीत डिजिटल टप्पा होता हे २०२२ साली बाहेर आलं. गंमत अशी, की डिजिटलचा वास लांबून ओळखतो म्हणणाऱ्यांनी त्याच तबकड्यांची वर्षानुवर्षं तोंडभरून स्तुती केली होती. तेव्हा स्टिकरपेक्षा मास्टरिंग करणाऱ्याचं नाव शोधा. केव्हिन ग्रे, बर्नी ग्रंडमन यांच्यासारखी नावं छापलेली असतील, तर निदान कोणीतरी जबाबदारी घेतली आहे असं समजावं.

३. तबकडी तिरकी धरा आणि वाचा

शेवटच्या खाचेपासून लेबलपर्यंतच्या गुळगुळीत पट्ट्याला संग्राहक ‘डेड वॅक्स’ म्हणतात. दिव्याखाली तबकडी तिरकी धरली की तिथे कोरलेली किंवा ठोकलेली अक्षरं दिसतात. कव्हर नंतरचं असू शकतं, तबकड्यांची अदलाबदल झालेली असू शकते. हा पट्टा सहसा खोटं बोलत नाही.

ब्लू नोट या जॅझ लेबलच्या रेकॉर्डवर ‘आरव्हीजी’ किंवा ‘व्हॅन गेल्डर’ अशी खूण असेल, तर ती ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांनी कापलेली, म्हणजे तिच्या मूळ तबकडीवर खाचा त्यांनी कोरलेल्या. हा माणूस सुरुवातीची वर्षं दिवसा डोळे तपासायचा आणि न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकला आईवडिलांच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचा; १९५९ मध्ये इंगलवुड क्लिफ्सला त्याने स्वतंत्र स्टुडिओ बांधला. शेजारी कानासारखी दिसणारी छोटी खूण असेल तर ती प्लास्टिलाइट या कारखान्याची. ब्लू नोटच्या तबकड्या १९६६ पर्यंत तिथे दाबल्या जात. कान नसेल, तर ‘ओरिजनल’ म्हणून मागितलेली किंमत ऐकून आधी पुढचे प्रश्न विचारा.

रॉकमधलं गाजलेलं उदाहरण ‘लेड झेपलिन टू’चं. १९६९ च्या पहिल्या अमेरिकन प्रेसिंगवर (तबकड्यांच्या पहिल्या खेपेवर) ‘आरएल’ ही अक्षरं आहेत, म्हणजे मास्टरिंग करणारे रॉबर्ट लुडविग. त्यांनी बास आणि ड्रम इतके दणकट कापले, की स्वस्तातल्या प्लेअरवर सुई उडायला लागली. कंपनीने घाबरून सौम्य आवृत्ती काढली. आज लोक शोधत असतात ती उडणारीच.

अक्षरं जशीच्या तशी उतरवून घ्या आणि डिस्कॉग्जवर ताडून पाहा. २००० साली सुरू झालेल्या या संकेतस्थळावर एकेका अल्बमच्या शेकडो आवृत्त्या नोंदलेल्या सापडतात. नोंदी वापरणाऱ्यांनीच भरलेल्या असल्याने चुकाही असतात. छायाचित्र असेल तरच खात्री धरा.

४. बॉक्स सेटची उलटतपासणी

पैसा सर्वांत जास्त इथे बुडतो. घेण्याआधी विचारा: सुट्या अल्बमांतून मिळत नाही असं यात काय आहे?

काही संचांचं उत्तर चोख असतं. पियानोवादक बिल एव्हन्सच्या त्रिकुटाने २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या क्लबमध्ये दिवसभरात पाच फेऱ्या वाजवल्या. त्यातून निवडून दोन अल्बम निघाले. संपूर्ण संचात तो दिवस वाजवला त्याच क्रमाने मिळतो. अगदी पहिल्या तुकड्यात वीज गेल्याने पडलेल्या खंडासकट. बासवादक स्कॉट लाफारो ६ जुलैला अपघातात गेला, हे माहीत असलं की उरलेल्या ध्वनिमुद्रणाची किंमत कळते. तसंच ड्यूक एलिंग्टनच्या १९५६ च्या न्यूपोर्ट मैफलीचं. मूळ अल्बमचा बराच भाग नंतर स्टुडिओत वाजवून वर टाळ्या चिकटवलेला होता. सॅक्सोफोनवादक पॉल गोन्सालव्हेस तर कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीचा मायक्रोफोन सोडून व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओच्या मायक्रोफोनपुढे उभा राहिला होता, त्यामुळे त्याचे गाजलेले सत्तावीस कोरस (रचनेची सत्तावीस आवर्तनं) लांबून आल्यासारखे वाटायचे. रेडिओची ती टेप सापडली आणि १९९९ च्या आवृत्तीत दोन मोनो टेप जुळवून खरी मैफल स्टिरिओत आली. असं काही हाती लागणार असेल तर जुनी प्रत असूनही नवी घ्यावी.

आता दुसरं टोक. बॉब डिलनच्या १९६५–६६ च्या सेशनांचा ‘द कटिंग एज’ हा संच २०१५ मध्ये दोन, सहा आणि अठरा सीडींत निघाला. सहा सीडींच्या आवृत्तीत एक अख्खी तबकडी ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ या एका गाण्याला दिलेली आहे. गाणं कसं घडतं ते कळतं, हे खरंच. पण अठरा सीडींचा पाच हजार प्रतींचा संच अभ्यासकाचा. ग्रेटफुल डेड या रॉक बँडचा १९७२ च्या युरोप दौऱ्याचा संपूर्ण संच तर त्र्याहत्तर सीडींचा, प्रवासी ट्रंकेत भरलेला! तुम्ही महिन्याला किती तास बसून ऐकता याचा हिशेब मांडा आणि मगच त्या वाटेला जा. तीन आकारांत निघालेल्या संचांपैकी मधला बहुतेकांना पुरतो.

सुपर डिलक्स खोक्यांत तोच अल्बम स्टिरिओत, मोनोत, ब्लू-रेवर आणि एलपीवर असा चारदा दिलेला असतो. उरतात ती पोस्टर आणि गोट्यांसारखी शोभेची भर. आतल्या यादीतून या पुनरुक्ती खोडा आणि जे राहील त्याचीच किंमत करा.

जॅझच्या संचात आणखी एक पाहा: पर्यायी टेक (त्याच रचनेचे अल्बममध्ये न घेतलेले प्रयत्न) कुठे ठेवले आहेत? एकाच रचनेचे चार टेक, त्यातले दोन अर्धवट, पाठोपाठ आले की ऐकणं शिक्षा होते. मूळ अल्बम सलग आणि टेक शेवटी, ही मांडणी घरी ऐकायला बरी. मायकल कस्कुना आणि चार्ली लॉरी यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला उभ्या केलेल्या मोझेक रेकॉर्ड्स या लेबलचे संच ऐकण्यासोबत वाचण्यासारखेही आहेत: मर्यादित प्रती आणि सेशनवार तपशिलाची मोठी पुस्तिका. प्रती संपल्या की विषय संपला, म्हणून हवा असलेला मोझेक संच फार काळ पुढे ढकलू नका.

५. स्वस्त युरोपीय संच

‘आठ अल्बम, चार सीडी’ असे जॅझचे ढीगभर संच का मिळतात? युरोपीय संघात ध्वनिमुद्रणाचं संरक्षण पन्नास वर्षांचं होतं. २०१३ पासून ते सत्तर झालं, पण १९६३ च्या आधी प्रकाशित झालेलं जे आधीच मोकळं झालं होतं ते मोकळंच राहिलं. म्हणून हे संच तिथे कायदेशीर आहेत. पण मूळ टेप कंपनीच्या कपाटात. यांचा स्रोत बहुधा जुनी एलपी किंवा आधीची सीडी. एखाद्या वादकाची ओळख करून घ्यायला घ्या, मग आवडलेल्या दोन-तीन अल्बमांची नीट आवृत्ती शोधा.

६. जुनी प्रत घेताना

दर्जाची भाषा उदार असते. ‘व्हेरी गुड’ म्हणजे प्रत्यक्षात बऱ्यापैकी खरखर. निर्धास्त ऐकायचं तर ‘व्हेरी गुड प्लस’च्या खाली उतरू नका. त्यातही जॅझला कडक नियम लावा, कारण ब्रशवर चाललेल्या ड्रमच्या मागे प्रत्येक टिचकी ऐकू येते. दणक्याच्या रॉकमध्ये ती बुडून जाते. बॉक्स सेट असेल तर पुस्तिका आणि प्रत्येक तबकडी मोजून घ्या; एक हरवलेली असली की तेवढीच सुटी मिळणं मुश्कील.

सीडी उजेडाकडे धरून पाहा. कडेपासून तांबूस-सोनेरी छटा आत सरकत असेल, तर ती परत ठेवा. ब्रिटनमधल्या पीडीओ कारखान्यात १९८८ ते १९९३ च्या सुमारास बनलेल्या बऱ्याच सीडी अशा गंजल्या. जुन्या जाड डब्यांत फोमचा तुकडा असतो. तो विरघळून सीडीला चिकटतो, म्हणून घरी आणताच काढून टाका.

७. ठेवणं

एलपी उभ्या ठेवा, कललेल्या नकोत. पीव्हीसीची मऊ पारदर्शक पाकिटं तबकडीवर धुरकट डाग सोडतात, पॉलिथिनची वापरा. घट्ट श्रिंक-रॅप (बाहेरचं आवळलेलं प्लास्टिक) काढून टाकलेलं बरं, त्याने तबकडी वाकू शकते. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या शेलॅक (लाखेच्या) तबकड्यांना अल्कोहोल असलेला द्रव कधीही लावू नका, आणि त्या वाजवायला वेगळी, जाड सुई लागते. मोठ्या संचांची पुस्तिका वाचायला बाहेर काढली की तिची जागा ठरवून ठेवा, नाहीतर खोकं एकीकडे आणि पुस्तिका पलंगाखाली. आणि तक्त्यात आवृत्तीच्या रकान्याशेजारी एक रकाना ‘शेवटचं कधी ऐकलं’ याचा ठेवा. पुढचं खोकं मागवण्याआधी तो उघडायचा.