केमिकल पीलच्या आधीचे चार आठवडे

केमिकल पील म्हणजे चेहऱ्यावर आम्ल लावून त्वचेचा वरचा थर सोलून काढण्याचा उपचार. हे आम्ल चेहऱ्यावर काही मिनिटेच राहते, पण ते सर्वत्र सारखे मुरेल की नाही आणि नंतर काळे डाग उमटतील की नाही, हे बऱ्याच अंशी आधीच्या 2 ते 4 आठवड्यांत ठरते. म्हणून तयारी तेव्हापासूनच सुरू करावी.

त्वचारोगतज्ज्ञांच्या पहिल्या भेटीत काहीही लपवू नये. गर्भधारणा किंवा स्तनपान, मुरुमांसाठी घेतलेल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, जखमेचा वण फुगून वर येण्याची प्रवृत्ती आणि अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी (ती असल्यास सॅलिसिलिक आम्ल वापरत नाहीत) या गोष्टी त्यांना विचारण्याआधीच सांगाव्यात. ओठांवर पूर्वी हर्पीसचे फोड आले असतील, तर तेही आवर्जून सांगावे, कारण मध्यम खोलीच्या पीलनंतर ते पुन्हा उद्भवू शकतात आणि त्यासाठी विषाणुरोधक गोळ्या आधीच सुरू कराव्या लागतात.

सावळ्या आणि गव्हाळ त्वचेच्या व्यक्तींनी विशेष काळजी घ्यावी. अशा त्वचेतील रंगद्रव्य जरा दाह झाला तरी उसळते, आणि डाग घालवण्यासाठी केलेला उपचारच नवे डाग देऊन जातो. किमान एसपीएफ 30 चे सनस्क्रीन रोज लावण्याची सवय आधीच लावून घ्यावी आणि डॉक्टरांनी पूर्वतयारीचे क्रीम दिले असल्यास ते नेमाने लावावे. ज्यांना पुढचे काही आठवडे उन्हातच काम करायचे आहे, त्यांनी पील पुढे ढकललेले बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेवटच्या आठवड्यात वॅक्सिंग, थ्रेडिंग, ब्लीच आणि खरखरीत स्क्रब बंद ठेवावेत. रेटिनॉइडचे (‘अ’ जीवनसत्त्वाच्या गटातील औषधाचे) क्रीम लावत असल्यास ते किती दिवस आधी थांबवायचे, हे डॉक्टरांकडून नेमके विचारून घ्यावे. चेहऱ्यावर ओली जखम, खाज किंवा उन्हाचा दाह असेल, तर ठरलेली तारीख बिनदिक्कत बदलावी.

उपचाराच्या दिवशी मेकअप न करता जावे, कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवाव्यात आणि फरक पुढे नीट पडताळता यावा म्हणून आधीचे छायाचित्र काढून घ्यावे. वरवरच्या पीलनंतर साधारण 3 ते 7 दिवस त्वचेचे पापुद्रे निघतात. त्या काळात घरातले लग्न किंवा मुलाखत येणार नाही, हे तारीख घेतानाच पाहावे आणि सौम्य फेसवॉश व सुगंधविरहित मॉइश्चरायझर आधीच आणून ठेवावे.