केंडो: पाय आपटला म्हणजे ‘मेन’ बसला असं नाही

केंडो म्हणजे बांबूच्या तलवारीने, शिनाईने, खेळायची जपानी तलवारबाजी. त्यातलं ‘कि-केन-ताइ-इच्ची’ म्हणजे जोम, शिनाई आणि शरीर एकाच क्षणी लक्ष्यावर पोचणं. नवशिके याला मोठ्या बाता समजून सोडून देतात आणि थेट जोराने हाणायला लागतात.

सर्वांत मोठी चूक उजव्या पायाची. ‘मेन’, म्हणजे डोक्यावरचा फटका, मारताना पाय आपटायचा एवढंच लक्षात राहतं. मग गुडघा उंच उचलला जातो, टाच आधी आदळते आणि शिनाई मागाहून येते. कान देऊन ऐका: आधी ‘धप्प’ आणि मग ‘टक्’ ऐकू आलं, तर तो फटका वाया गेला. वर टाच दुखावते ती वेगळीच. खरं बळ मागच्या डाव्या पायात असतं. डावी टाच किंचित उचललेली ठेवून तिथून ढकला, उजवं पाऊल जमिनीलगत सरकवा, तळवा सपाट टेकवा आणि डावा पाय लगेच ओढून घ्या. तो मागे रेंगाळला की कंबर मागे राहते आणि माणूस वाकून मारतो. रोजच्या शंभर सुबुरींपैकी, म्हणजे हवेत मारायच्या सरावाच्या फटक्यांपैकी, पहिल्या पन्नास पाय न आपटता, नुसत्या सरकत्या पावलांनी करा. ज्यांना याचा कंटाळा येतो, त्यांचेच दोन आवाज वर्षानुवर्षं जात नाहीत.

दुसरी चूक मनाची. सामन्यात शिनाई शिरस्त्राणावर नीट बसते आणि खेळाडू तिथेच थबकून पंचांकडे बघतो. तीनपैकी दोन झेंडे वर गेल्याशिवाय गुण नाही, आणि फटक्यानंतरची सावधता, म्हणजे झानशिन, दिसली नाही तर झेंडे वर जात नाहीत. मारून तसंच पुढे निघा, वळा आणि शिनाईचं टोक पुन्हा समोरच्याच्या गळ्याकडे आणा. गुण मिळाल्यावर मूठ उंचावून जल्लोष केला, तर दिलेला गुणही रद्द होऊ शकतो, आणि ते योग्यच आहे.

उजव्या हाताने हाणू नका. पकड डाव्या करंगळीची आणि अनामिकेची. ‘मेन’ची आरोळी फटक्यासोबतच, नंतर नाही. शिनाईवरची दोरी, त्सुरू, वरच्या बाजूला राहिली पाहिजे. फटका शिनाईच्या मध्याने बसत असेल तर तुम्ही फार जवळ गेला आहात. पुरुषांच्या स्पर्धेतली शिनाई किमान ५१० ग्रॅमची असते. हलकी घेऊन वेग वाढवायच्या फंदात पडू नका.

सगळं जुळलंय का, हे किरिकाएशीत, म्हणजे सलग फटक्यांच्या सरावात, कळतं: एक सरळ मेन, पुढे जात चार तिरपे, मागे येत पाच, मग पुन्हा सरळ. दम संपत आला की आधी आवाज बसतो, मग पाय मागे पडतात. तिथे वेग निम्मा करा, फटके मात्र पूर्ण मारा.