पाटी आहे, तरी लोक विचारतात: चिन्हफलकांतील या चुका टाळा

फलक लावलेला असूनही येणारा प्रत्येक जण शौचालय कुठे आहे हे विचारत असेल, तर दोष बहुधा चित्रात नसतो. तो फलक कुठे उभे राहून आणि किती अंतरावरून वाचला जाईल, याचा विचार झालेला नसतो. गोव्यातील देवस्थाने, पंचायती आणि बसस्थानके येथे नवे फलक करून घेताना हे आधी पाहावे.

सर्वाधिक गोंधळ बाणाने होतो. मोकळ्या व्हरांड्यात वर टोक असलेला बाण ‘सरळ पुढे’ असे सांगतो. तोच अग्रशाळेच्या, म्हणजे देवस्थानातील यात्रेकरूंच्या निवासाच्या, जिन्याशेजारी लावला की यात्रेकरू जिना चढू लागतात, आणि शौचालय मात्र तळमजल्यावर मागच्या बाजूला असते. अशा ठिकाणी फलक जिन्यापासून दूर, वाट जिथे फुटते त्याच्या थोडा अलीकडे लावावा आणि पुढच्या प्रत्येक वळणावर तेच चिन्ह पुन्हा द्यावे. डावीकडचा बाण फलकाच्या डाव्या कडेला आणि उजवीकडचा उजव्या कडेला असावा, ही साधी गोष्टही पुष्कळदा राहून जाते.

दुसरी चूक रंगांची. सुरक्षा चिन्हांच्या आयएसओ ७०१० या आंतरराष्ट्रीय मानकानुसार लाल वर्तुळ व तिरकी रेघ म्हणजे मनाई, निळे वर्तुळ म्हणजे सक्ती, पिवळा त्रिकोण म्हणजे इशारा आणि हिरवा चौकोन म्हणजे सुरक्षित वाट. आपल्या रस्त्यांवरील इशाऱ्याचा त्रिकोण मात्र लाल कडेचा व पांढऱ्या पार्श्वभूमीचा असतो, त्यामुळे रस्त्याचे चिन्ह जसेच्या तसे इमारतीत आणू नये. युकिओ ओता या जपानी रचनाकाराच्या आराखड्यातून आलेला, बाहेर पडण्याच्या वाटेवरचा धावणारा हिरवा माणूस भिंतीला शोभावा म्हणून सोनेरी करण्याची हौस तर मुळीच नको.

आकाराचा हिशेब सोपा आहे: बाहेरून उजेड पडणाऱ्या सुरक्षा फलकाची उंची वाचनाच्या अंतराच्या किमान शंभरावा भाग असावी, म्हणजे २० मीटरवरून वाचायचा फलक २० सेंटिमीटर उंच हवा, आतून उजळणाऱ्या फलकाला याच्या निम्मी उंची पुरते.

किनाऱ्यावरील फलकांची गत वेगळी. छपाईतील लाल रंग उन्हात काळ्याच्या आधी उडतो. म्हणून ‘पोहू नका’ या चिन्हातील वर्तुळ व रेघ फिकी पडली की उरतो तो केवळ पोहणारा माणूस, आणि फलक नेमके उलटे सांगू लागतो. असा फलक रंगवत न बसता बदलावा, खाऱ्या वाऱ्यात टिकणारे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरावेत, आणि पोहण्याची हद्द दाखवणारे लाल-पिवळे व मनाईचे लाल बावटे यांचा अर्थही त्यावर द्यावा, कारण समुद्राची स्थिती रोज बदलते आणि ती सांगण्याचे काम बावट्यांचे असते.

छपाईपूर्वी नमुना परगावच्या चार-पाच जणांना दाखवावा. मात्र ‘समजले का?’ असे न विचारता ‘हे पाहून तुम्ही काय कराल?’ असे विचारावे.