हायवेसाठी फेडरल पैसा मागताय? मग या चुका टाळा

डॅलसच्या उत्तरेला राहणाऱ्या आपल्या मंडळींना यूएस ३८० हा हायवे म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. सकाळी साडेसातला प्रिन्स्टनहून मॅकिनीकडे निघालं की एकाच सिग्नलला दोन-तीनदा हिरवा येऊन जातो आणि आपण जागच्या जागी, डब्यातल्या फोडणीच्या पोह्यांचा वास गाडीभर. फ्रिस्को २००० साली जेमतेम ३४ हजारांचं गाव होतं, २०२० च्या जनगणनेत २ लाखांच्या पुढे, आणि आता तीच लाट प्रॉस्पर, सेलिना, प्रिन्स्टनकडे सरकलीये. मग सिटी कौन्सिलच्या मीटिंगमध्ये कोणीतरी उठतंच, "वॉशिंग्टनहून पैसे का नाही आणत?" आणता येतात हो, पण मागायला जातात तिथेच घोळ होतो.

पहिला घोळ, रस्ता कोणाचा हेच बघत नाहीत. नावात यूएस आहे म्हणून तो फेडरल सरकारचा होत नाही, ३८० सांभाळतं टेक्सास डॉट, म्हणजे राज्याचं वाहतूक खातं. त्यामुळे राज्याला बाजूला ठेवून सिटीने एकटीने धावपळ केली तर हाती काही लागत नाही. दुसरं म्हणजे एमपीओ, म्हणजे शहरी भागाचं वाहतूक नियोजन मंडळ. ५० हजारांवर वस्ती असलेल्या शहरी भागाला ते लागतंच, आपल्याकडे ते काम नॉर्थ सेंट्रल टेक्सास कौन्सिल ऑफ गव्हर्नमेंट्स करतं. फेडरल पैसा खर्चायचा तर प्रोजेक्ट त्यांच्या टीआयपी नावाच्या यादीत, म्हणजे किमान चार वर्षांच्या कामांच्या यादीत, असावा लागतो. फाइल वर्षभर एकाच टेबलावर पडलीये? आधी ही यादी उघडा, बहुतेक वेळा नाव तिथे नसतंच.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. लोकांना वाटतं ग्रँट मिळाली म्हणजे चेक आला. तसं नसतं, आधी तुम्ही खर्च करायचा, बिलं दाखवायची आणि मग परतफेड, तीसुद्धा साधारण ८० टक्केच (इंटरस्टेटला ९०). म्हणजे ३० मिलियन डॉलरच्या कामात ६ मिलियन सिटीचे, आणि ते दुसऱ्या फेडरल ग्रँटमधून भागवता येत नाहीत, काही अपवाद सोडले तर. काम महागलं तर वरचा बोजाही बहुधा तुमच्याच गळ्यात. शेजारच्या एका गावाने (नाव नको) बातमी आल्याच्या आनंदात करार व्हायच्या आधीच डिझाइनचं काम देऊन टाकलं, फोटोबिटो झाले, आणि ते बिल शेवटी गावाच्या तिजोरीतूनच गेलं कारण मंजुरीच्या तारखेआधीचा खर्च धरलाच नाही. करारावर सही होईपर्यंत कोणालाही काम देऊ नका, कन्सल्टंट कितीही घाई करू दे.

जमिनीचं तर विचारूच नका. वाढत्या गावात आज जिथे मका उभा आहे तिथे दोन वर्षांत दोनशे घरं असतात, आणि रस्त्याची रेषा ठरायच्या आत प्लॅट (घरांसाठी जमीन पाडायचा नकाशा) मंजूर केला तर पुढे तीच जमीन घरांसकट विकत घ्यावी लागते. ३८० च्या मॅकिनी बायपासला कोणती लाइन घ्यायची यावरून प्रॉस्पर आणि मॅकिनीत किती वर्षं ताणलं गेलं ते आपण बघितलंच. वर १९७० चा युनिफॉर्म ॲक्ट, म्हणजे जमीन घेण्याचा फेडरल कायदा आहे, त्यात व्हॅल्युएशन, लेखी ऑफर, घर सोडावं लागणाऱ्यांना मदत हे सगळं ठरलेल्या पद्धतीने. सिटीने स्वतःच्या पैशाने आधी घेतलेली जमीनसुद्धा या नियमात बसत नसेल तर पुढे फेडरल पैसा अडकू शकतो, म्हणून पहिल्या खरेदीपासूनच कागद तसेच ठेवा.

अर्जात नुसतं "आमच्याकडे ट्रॅफिक फार" असं लिहून भागत नाही, अहो, ते सगळेच लिहितात. कुठल्या चौकात किती अपघात, किती जखमी, काम केल्याने वाचणारा वेळ आणि खर्च यांचा हिशोब, हे लागतं. सेफ स्ट्रीट्स या रस्ते-सुरक्षेच्या फेडरल ग्रँटमधून बांधकामाला पैसे हवे असतील तर आधी सेफ्टी ॲक्शन प्लॅन तयार पाहिजे. आणि बिल्ड या दुसऱ्या फेडरल ग्रँटची कमाल मर्यादा २५ मिलियन, तेव्हा १०० मिलियनचा इंटरचेंज तिच्या एकटीच्या भरवशावर मांडू नका, राज्य आणि काउंटी किती देतायत ते आधी लेखी घ्या. काँग्रेसमनचं पाठिंब्याचं पत्र? जोडा की, पण ते पत्रच आहे, पैसा नाही.

शेवटचं अगदी फालतू वाटेल. सॅमवरचं (फेडरल ग्रँट मागायला लागणारी सरकारी वेबसाइट) रजिस्ट्रेशन दर वर्षी रिन्यू करावं लागतं, आणि ज्या बाईंच्या लॉगिनने ते केलं होतं त्या रिटायर होऊन गेलेल्या असतात, मग डेडलाइनच्या आठवड्यात पासवर्ड शोधत सगळे फिरतात. उद्या सिटी हॉलला फोन करून एवढंच विचारा, आपलं सॅम कधी एक्स्पायर होतंय आणि लॉगिन कोणाकडे आहे.