४२९४९६७२९७ मूळ आहे का? तपासताना या चुका टाळा

४,२९,४९,६७,२९७ म्हणजे २ चा ३२वा घात अधिक १. मूळ संख्या ओळखायला शिकणाऱ्याने ही एकदा स्वतः तपासून पाहावीच. मोठ्या संख्यांच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुका हिच्यात भेटतात.

पहिली चूक खुद्द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची. २ चा १ला, २रा, ४था, ८वा आणि १६वा घात घेऊन त्यात १ मिळवला की ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ येतात; घातांक दर वेळी दुप्पट होणाऱ्या या साच्यातल्या पाचही संख्या मूळ निघाल्या, म्हणून पुढच्याही मूळच असणार असे त्याने १६४० च्या सुमारास मानले. १७३२ मध्ये ऑयलर या स्विस गणितज्ञाने आपल्या संख्येची फोड दाखवली: ६४१ × ६७,००,४१७. त्या पाचांनंतर या साच्यातली एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही. चार-पाच उदाहरणे जुळली म्हणून नियम सिद्ध होत नाही.

दुसरी चूक लवकर थांबण्याची. शेवटी ७ आहे, अंकांची बेरीज ५९ येते, म्हणजे २, ३, ५ बाद. ७ ने आणि ११ नेही बाकी ५ उरते. इथेच अनेक जण ‘मूळ’ लिहून मोकळे होतात. भाग द्यायचा तो वर्गमूळापर्यंत, म्हणजे इथे ६५,५३६ पर्यंत. ६४१ ही तर ११६वी मूळ संख्या. ऑयलरने मात्र सिद्ध केले की हिच्या प्रत्येक मूळ विभाजकाला ६४ ने भागल्यास बाकी १ उरते. मग तपासायला १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ एवढ्याच उरतात आणि पाचव्या भागाकाराला बाकी शून्य! किती देखणी वाट आहे ही. पण ६४ ची ही अट भलत्याच संख्येला लावू नका, खरे विभाजक निसटतील.

सर्वांत फसवी चूक २ च्या कसोटीची. संख्या विषम आणि मूळ असेल, तर तिच्याहून एकने लहान इतका २ चा घात घेऊन तिनेच भागल्यास बाकी १ येते. आपली संख्या मूळ नसूनही ही कसोटी पार करते. कारण २ च्या ३२व्या घाताची बाकी इथे उणे १ धरता येते, म्हणून ६४व्या घाताची बाकी १, आणि कसोटीतला घातांक ६४ च्या पटीत आहे. २ च्या जागी ३ घ्या, बाकी १ येत नाही आणि सोंग उघडे पडते.

हेच प्रोग्रॅम लिहून करत असाल तर आणखी दोन खड्डे आहेत. बिनचिन्ही (unsigned, म्हणजे ऋण संख्या न ठेवणाऱ्या) ३२-बिट चलात ही संख्या मावत नाही, तिथे नुसता १ उरतो. ६४-बिटमध्ये संख्या मावते, पण तिने भागण्याआधी केलेला वर्ग मावेलच असे नाही. २ पासून वर्ग करत गेलात की सहाव्या वर्गाला २ चा ६४वा घात येतो आणि चलात ० दिसतो. मग प्रोग्रॅम ‘मूळ नाही’ म्हणतो. उत्तर बरोबर, कारण साफ चूक. विषम संख्येने २ च्या घाताला पूर्ण भाग जाणे शक्यच नाही, म्हणून बाकी ० दिसली की सूत्र तपासत बसू नका, चलाचा आकार बघा. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत पूर्णांकाला अशी मर्यादा नाही, तिथे हीच आकडेमोड पुन्हा करून बाकी १ येते का ते पडताळा.